बदलत्या इथेनॉल-मिश्रणासाठी शक्तिशाली मोटारींच्या इंजिनाचे ट्यूनिंग : तत्त्वे आणि पद्धती

विषयप्रवेश

स्वीडनमधील एंगेलहोल्म येथील कोनिगसेग या मोटार कारखान्याने २००७ साली ‘सीसीएक्सआर’ ही मोटार सादर केली. तिच्या आधीच्या ‘सीसीएक्स’ या मोटारीचे दोन सुपरचार्जर असलेले ४.७ लिटरचे इंजिन पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देत असे. त्याच इंजिनाच्या सुधारित रूपाने ई८५ या इंधनावर १०१८ अश्वशक्ती दिली. २०१९ साली याच कारखान्याने सादर केलेल्या ‘जेस्को’ या मोटारीच्या बाबतीत हे आकडे पेट्रोलवर १२८० आणि ई८५ वर १६०० असे आहेत.

ई८५ म्हणजे आकारमानाने सुमारे ८५ टक्के इथेनॉल आणि १५ टक्के पेट्रोल यांचे मिश्रण. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऊर्जा कमी असलेल्या इंधनावर इंजिन अधिक शक्ती कसे देते, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात साहजिकच येतो. व्यवहारात त्याला जोडून दुसरा प्रश्न उभा राहतो. टाकीतील इथेनॉलचे प्रमाण आज ३० टक्के, उद्या ७० टक्के असे बदलत असेल तर इंजिन कोणत्या प्रमाणासाठी जुळवायचे? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. मिश्रण बदलले की इंजिनाच्या अनेक मापांत बदल करावा लागतो. प्रत्येक मापाचा बदल वेगळ्या नियमाने होतो आणि प्रत्येकाची ‘सुरक्षित बाजू’ही वेगळी असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

ऊर्जा कमी, तरी शक्ती अधिक

इंजिनाची शक्ती त्यात किती इंधन ओतले यावर ठरत नाही. किती हवा आत घेता येते यावर ठरते. म्हणून इंधनांची तुलना लिटरमागे करण्याऐवजी हवेच्या किलोग्रॅममागे करावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असल्यामुळे हा फरक पडतो. पेट्रोलची उष्णता किलोमागे सुमारे ४३.५ मेगाज्यूल आणि इथेनॉलची सुमारे २६.८ मेगाज्यूल धरली, तर एक किलो हवेमागे पेट्रोलपासून २.९६ आणि इथेनॉलपासून २.९८ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे या बाबतीत दोन्ही इंधने जवळजवळ सारखीच आहेत. इथेनॉल फक्त अधिक प्रमाणात द्यावे लागते, एवढेच.

शक्तीतील वाढीची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले कारण बाष्पीभवनाची सुप्त उष्णता. पेट्रोलची ही उष्णता किलोमागे सुमारे ३५० किलोज्यूल, तर इथेनॉलची सुमारे ९०० किलोज्यूल आहे. इथेनॉल अधिक प्रमाणातही द्यावे लागत असल्याने एक किलो हवेमागे पेट्रोल २४ किलोज्यूल, तर इथेनॉल १०० किलोज्यूल उष्णता शोषू शकते. प्रत्यक्षात काही उष्णता धातूच्या भिंतींतून येते, त्यामुळे हवा हिशेबाइतकी थंड होत नाही. पण फरक मोठाच राहतो. दुसरे कारण ऑक्टेन. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे. हवा थंड आणि इंधन नॉकिंगला दाद न देणारे, म्हणून टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर हवा अधिक दाबाने भरू शकतो आणि ठिणगी लवकर पाडता येते. इथेनॉलमुळे ही मोकळीक मिळते. तिचा किती आणि कसा उपयोग करायचा हे ट्यूनिंग ठरवते.

पंपावरील मिश्रणाची अनिश्चितता

या विषयाचा सर्वाधिक विकास अमेरिकेत झाला, कारण तेथे ई८५ सामान्य पंपांवर मिळते आणि हौशी मोटारधारक आपल्या मोटारी त्यावर चालवतात. मात्र तेथील एएसटीएम डी ५७९८ या मानकानुसार या नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के यांदरम्यान कितीही असू शकते. थंडीत इंजिन सुरू व्हावे म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचा वाटा वाढवला जातो. शिवाय टाकीत उरलेले जुने इंधन त्यात मिसळते.

एक साधे उदाहरण घेता येईल. ५० लिटरच्या टाकीत १५ लिटर ई१० शिल्लक असताना ३५ लिटर ‘ई८५’ भरले. पंपावरील इंधनात ८३ टक्के इथेनॉल असेल तर टाकीतील प्रमाण सुमारे ६१ टक्के होते. ५१ टक्केच असेल तर सुमारे ३९ टक्के. पंप तोच आणि पाटीही तीच, तरी टाकीत २२ टक्क्यांचा फरक पडतो. केवळ पाटी वाचून जुळवलेले इंजिन या फरकात सापडते.

इंधनाचे प्रमाण

पेट्रोलची घनता लिटरला ०.७४५ किलो आणि इथेनॉलची ०.७८९ किलो धरली, तर एक लिटर पेट्रोलला सुमारे १०.९५ किलो आणि एक लिटर इथेनॉलला सुमारे ७.१० किलो हवा लागते. मिश्रणाच्या लिटरमागील हवा या दोन आकड्यांवरून सरळ त्रैराशिकाने काढता येते. त्यावरून पुढील तक्ता तयार होतो.

तक्ता १ : मिश्रणानुसार हवा व इंधनाची गरज

| मिश्रण | हवा : इंधन (वजनाने) | लिटरमागे हवा (किलो) | शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत इंधन (पट) |
|---|---|---|---|
| ई० | १४.७ | १०.९५ | १.०० |
| ई१० | १४.१ | १०.५७ | १.०४ |
| ई२० | १३.५ | १०.१८ | १.०८ |
| ई५० | ११.८ | ९.०३ | १.२१ |
| ई८५ | ९.८ | ७.६८ | १.४३ |
| ई१०० | ९.० | ७.१० | १.५४ |

तक्त्यातील शेवटचा स्तंभ सरळ रेषेत वाढत नाही. लिटरमागील हवा सरळ रेषेत घटते, आणि लागणारे इंधन तिच्या व्यस्त प्रमाणात असते. ई१० आणि ई८५ यांच्या बरोबर मध्यावर सरळ सरासरी घेतल्यास गरजेपेक्षा सुमारे अडीच टक्के जास्त इंधन पडते. ही चूक लहान आहे, पण ती कोठून आली हे ठाऊक असलेले बरे.

ई१० वरून ई८५ वर जाताना आकारमानाने सुमारे ३८ टक्के अधिक इंधन लागते. हे इंधन देण्यास इंजेक्टरकडे वेळ असतो का, हे आधी तपासावे लागते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर चार-टप्पी इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. ई१० वर इंजेक्टर त्यातील १६ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर ई८५ वर तो २२ मिलिसेकंद उघडा राहायला हवा. हे शक्यच नाही. म्हणून ट्यूनिंगचे काम संगणकापासून नव्हे, तर मोठे इंजेक्टर, अधिक क्षमतेचा पंप आणि इथेनॉलला टिकणारे पाइप व सील यांपासून सुरू होते.

हवा-इंधन प्रमाण दाखवणाऱ्या मीटरबाबतही नेहमी गोंधळ होतो. धुराड्यातील लॅम्डा सेन्सर इंधन कोणते हे ओळखत नाही. गरजेच्या तुलनेत हवा किती, एवढेच तो सांगतो. पूर्ण ज्वलनापुरती नेमकी हवा असेल तेव्हा लॅम्डा १ असतो, मग इंधन कोणतेही असो. बहुतेक मीटर मात्र हा आकडा १४.७ ने गुणून दाखवतात. मीटरवर ११.७६ दिसले तर त्याचा अर्थ लॅम्डा ०.८० एवढाच. ई८५ वर खरे प्रमाण त्या वेळी सुमारे ७.८५ असते. बदलत्या मिश्रणाचे काम करताना सर्व नोंदी लॅम्डात ठेवल्यास ही अडचण राहत नाही.

ठिणगीची वेळ आणि बूस्ट

ठिणगीची वेळ इंधनाच्या प्रमाणासारखी त्रैराशिकाने काढता येत नाही. इथेनॉलचा रेणू हलका, म्हणजे ४६ रेणुभाराचा आहे. पेट्रोलचा सरासरी रेणुभार १०० च्या थोडा वर असतो. त्यामुळे आकारमानाने २० टक्के असलेले इथेनॉल रेणूंच्या संख्येने सुमारे ३८ टक्के होते. ५० टक्के आकारमानाला ही संख्या सुमारे ७० टक्के, तर ८५ टक्क्यांना ९० टक्क्यांहून अधिक होते. नॉकिंगविरोधी लाभाचा मोठा भाग म्हणूनच सुरुवातीच्या टक्क्यांत मिळतो आणि पुढे वाढीचा वेग मंदावतो. थंडावा मात्र इथेनॉल वाढेल तसा वाढतच जातो. या दोन परिणामांची बेरीज प्रत्येक इंजिनात वेगळी असते, म्हणून तिची वक्ररेषा डायनोवर प्रत्यक्ष चाचणी घेऊनच ठरवावी लागते.

येथे आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. प्रत्येक वेग आणि भारासाठी ठिणगीचा असा एक कोन असतो की ज्यावर टॉर्क सर्वाधिक मिळतो. पेट्रोलवर त्या कोनापर्यंत पोचण्याआधीच नॉकिंग अडवते, त्यामुळे ती मर्यादा ऐकू येते. इथेनॉलवर मात्र तो कोन ओलांडला तरी आवाज येत नाही. टॉर्क कमी होतो आणि पिस्टन व कनेक्टिंग रॉडवरील दाब वाढतो. म्हणून इथेनॉलवर कानाला शांत वाटणाऱ्या इंजिनाचाही टॉर्क मोजूनच वेळ ठरवणे आवश्यक असते.

मिश्रण ओळखण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत प्रत्यक्ष मापनाची. पेट्रोलचा परावैद्युत स्थिरांक सुमारे २, तर इथेनॉलचा सुमारे २५ आहे. इंधनवाहिनीत बसवलेला सेन्सर या फरकावर चालतो. जनरल मोटर्सच्या मोटारींमुळे प्रसार पावलेला सेन्सर शून्य टक्के इथेनॉलला ५० हर्ट्‌झ आणि १०० टक्क्यांना १५० हर्ट्‌झ असा संकेत देतो, म्हणजे ई८५ ला १३५ हर्ट्‌झ. त्याच संकेताच्या स्पंदाची रुंदी इंधनाचे तापमान सांगते. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या आसपास असल्याने इंधनात पाणी शिरले तर हा आकडा वाजवीपेक्षा वर जातो. १५० च्या बराच वर गेलेला संकेत इथेनॉलचा नसून दूषित इंधनाचा समजावा.

दुसरी पद्धत अनुमानाची आहे आणि तिचे महत्त्वाचे उदाहरण ब्राझीलमध्ये आढळते. तेथे १९७९ साली केवळ इथेनॉलवर चालणारी ‘फियाट १४७’ बाजारात आली आणि २००३ साली दोन्ही इंधने कोणत्याही प्रमाणात चालवणारी ‘फोक्सवॅगन गोल टोटल फ्लेक्स’ आली. तिच्यात वेगळा इथेनॉल सेन्सर नव्हता. लॅम्डा सेन्सरचे वाचन राखण्यासाठी इंधन किती वाढवावे लागले, यावरून नियंत्रक संगणक मिश्रणाचे अनुमान काढत असे. खर्च वाचवणारी ही पद्धत सामान्य मोटारीसाठी पुरेशी ठरली. तिची उणीव अशी की इंजेक्टर तुंबला किंवा मोजमापाबाहेरची हवा आत शिरली, तरीही इंधन वाढवावेच लागते आणि संगणक त्याला ‘इथेनॉल वाढले’ असे समजू शकतो. एकाच परिणामाची दोन कारणे असतात तेव्हा केवळ परिणामावरून कारण ठरवणे धोक्याचे असते. जास्त बूस्टच्या इंजिनात हा धोका पत्करण्यासारखा नसल्याने तेथे प्रत्यक्ष सेन्सरच वापरला जातो.

चुकीची सुरक्षित बाजू

आता टाकीच्या उदाहरणाकडे परत वळता येईल. इंजिन ६१ टक्क्यांसाठी जुळवले आणि प्रत्यक्षात ३९ टक्केच इथेनॉल निघाले असे समजू. अशा वेळी इंधन गरजेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त पडते. लॅम्डा मीटर पाहणाऱ्याला सर्व ठीक, उलट अधिकच सुरक्षित वाटते. परंतु ठिणगी आणि बूस्ट मात्र ६१ टक्क्यांच्या भरवशावर पुढे नेलेले असतात, त्यामुळे नॉकिंग सुरू होऊन पिस्टन फुटू शकतो. याउलट ३९ टक्क्यांसाठी जुळवलेल्या इंजिनात ६१ टक्के इथेनॉल आले, तर ठिणगी आणि बूस्ट सुरक्षित राहतात. पण इंधन अपुरे पडून लॅम्डा ०.८० वरून ०.८८ वर जातो.

यावरून असे दिसते की इंधनाच्या बाबतीत इथेनॉल जास्त समजणे ही सुरक्षित चूक आहे, तर ठिणगी आणि बूस्टच्या बाबतीत इथेनॉल कमी समजणे ही सुरक्षित चूक आहे. सेन्सर निकामी झाल्यास ‘शून्य टक्के धरा’ असा एकच आदेश देणारी व्यवस्था ठिणगीला वाचवते, पण इंधन तोडते. म्हणून जाणकार ट्यूनर या प्रसंगासाठी दोन वेगळे नियम लिहून ठेवतात. इंधनासाठी शेवटचे विश्वसनीय वाचन कायम ठेवायचे, आणि ठिणगी व बूस्ट मात्र पेट्रोलच्या पातळीवर उतरवायचे. शक्ती कमी होते, पण इंजिन वाचते.

हे सर्व लक्षात घेता कामाचा क्रम पुढीलप्रमाणे राहतो. प्रथम इथेनॉल सर्वांत कमी असलेल्या इंधनावर संपूर्ण नकाशा तयार करावा. नंतर सर्वाधिक इथेनॉलवर दुसरा नकाशा तयार करावा. त्यानंतर इंधन, ठिणगी, बूस्ट आणि थंड इंजिन सुरू करण्याचे इंधन यांसाठी मिश्रणाच्या वेगवेगळ्या वक्ररेषा द्याव्यात. शेवटी ई३०, ई५० अशा मधल्या मिश्रणांवर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. दोन टोके बरोबर असली म्हणजे मध्य बरोबरच असेल, हे गृहीत धरणे ही या कामातील नेहमीची चूक आहे.

थंड इंजिनाची सुरुवात

पेट्रोल अनेक घटकांचे मिश्रण असल्याने त्याचा काही भाग कडक थंडीतही वाफ होतो. इथेनॉल हा एकच पदार्थ असून तो ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा ज्वलनबिंदू सुमारे १३ ते १७ अंशांदरम्यान आहे, म्हणजे त्याखाली त्याची पेट घेण्याइतकी वाफ तयार होत नाही. ब्राझीलमधील मोटारींना याच कारणासाठी बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असे. २००९ सालच्या ‘फोक्सवॅगन पोलो ई-फ्लेक्स’मध्ये इंधन तापवण्याची सोय करून ती काढून टाकण्यात आली. ट्यूनरला मात्र थंड सुरुवातीसाठी ई८५ वर साध्या ३८ टक्क्यांच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त इंधन द्यावे लागते. ते न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते, म्हणून अशा मोटारीचे इंजिन ऑइल लवकर बदलावे लागते.

भारतीय संदर्भ आणि अध्यापन

भारतात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, गुजरात यांसह ९ राज्यांत सुरू झाला. २०२२ साली सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगाव परिसरातील साखर कारखान्यांचा या पुरवठ्यात वाटा असल्याने तेथील विद्यार्थ्यांना हा विषय घरचाच आहे. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यात असा अंदाज दिला आहे की, ई० साठी बनवलेल्या व ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या मोटारीत मात्र घट १ ते २ टक्केच राहील. या दोन आकड्यांमधील अंतर मोटार कोणत्या इंधनासाठी घडवली आणि जुळवली यातून येते. शक्तिशाली मोटारींच्या बाबतीत दिसणारे तत्त्व सामान्य मोटारीलाही लागू आहे, ते असे.

वर्गात याची एक सोपी चाचणी दाखवता येते. मोजनळीत ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर इंधन घेऊन बूच लावून हलवावे व स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. खालचा थर ६० मिलिलिटरवर गेला, तर इंधनात सुमारे २० टक्के इथेनॉल आहे असे समजावे. पाणी आणि इथेनॉल मिसळताना आकारमान किंचित आकसते, म्हणून उत्तर थोडे कमी येते. चाचणी मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर आणि शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी.

समारोप

हवा-इंधनाचे प्रमाण रसायनशास्त्रात, सुप्त उष्णता आणि परावैद्युत स्थिरांक भौतिकशास्त्रात, तर व्यस्त प्रमाण गणितात शिकवले जाते. एका इंजिनात हे सर्व विषय एकत्र येतात आणि तेथील चूक गुणपत्रिकेऐवजी फुटलेल्या पिस्टनमध्ये दिसते. इथेनॉलचे प्रमाण मोजल्याशिवाय त्याचा लाभ घेऊ नये, आणि मापन हुकले तर कोणते माप कोणत्या बाजूला झुकवायचे हे आधीच ठरवून ठेवावे, हा या विषयाचा व्यवहारातील निष्कर्ष होय. प्रत्येक राशीची सुरक्षित बाजू कोणती, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर तिचा उपयोग मोटारीच्या पलीकडे इतर अनेक यंत्रांच्या अभ्यासातही होईल.